संकेतस्थळ आणि व्यापाराची पत

भांडवल कर्जाने मिळू शकते, जागा भाड्याने मिळू शकते, माल उधारीवर मिळू शकतो. पत मात्र यांपैकी कोणत्याही मार्गाने मिळत नाही. ती वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून कमवावी लागते. एका गावच्या पेढीने लिहिलेली हुंडी शेकडो कोस दूरच्या शहरात वटत असे, ती त्यावरील नावामुळे. हुंडी स्वीकारणाऱ्याने लिहिणाऱ्याला अनेकदा पाहिलेलेही नसे. परंतु ‘ही पेढी दिलेला शब्द पाळते’ एवढे त्याला ठाऊक असे आणि व्यवहाराला तेवढे पुरत असे.

आजचा ग्राहकही असाच दूर बसलेला असतो. सोलापूरची चादर हवी असलेले कुटुंब इंदुरात असते, सांगलीची हळद शोधणारा गृहस्थ बडोद्यात असतो, तर लग्नासाठी पैठणी घेऊ पाहणारी मुलगी बंगळुरूत किंवा थेट लंडनमध्ये नोकरी करीत असते. यांपैकी कोणीही दुकान पाहिलेले नसते, गल्ल्यावर बसलेल्या मालकाचा चेहरा पाहिलेला नसतो, की माल हातात घेऊन चाचपलेला नसतो. त्यांच्यापुढे असतो तो मोबाइलचा वीतभर पडदा. त्या पडद्यावर व्यापाऱ्याचे संकेतस्थळ उघडते आणि या माणसाच्या शब्दावर पैसे पाठवावेत की नाही, याचा निर्णय ग्राहक तेवढ्यावरून घेतो.

टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत १९९१ मध्ये जगातील पहिले संकेतस्थळ सुरू केले. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा खुली केली. त्यालाही आता तीन दशके उलटली. तरीही संकेतस्थळाकडे पाहण्याची लहान उद्योजकाची दृष्टी फारशी बदललेली दिसत नाही. संकेतस्थळ म्हणजे रस्त्यावरचा जाहिरातफलक, तो जितका झगमगीत तितका चांगला आणि त्याखालून जितके लोक जातील तितके यश मोठे, असा समज सर्वत्र आढळतो. या समजापायी पैसा खर्च होतो, उत्साह मावळतो आणि वर्षभरात ते संकेतस्थळ ओसाड वाड्यासारखे पडून राहते. संकेतस्थळाची योग्यता जुन्या पेढीच्या मापानेच मोजली पाहिजे. किती लोक डोकावून गेले यापेक्षा किती जणांनी विश्वास ठेवला, हा हिशेब महत्त्वाचा आहे. हा विश्वास ज्याला हवा, त्याने स्वतःचे नाव स्वतःच्या हाती ठेवावे, ग्राहकाच्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यावीत आणि जबाबदारी उघडपणे स्वीकारावी.

कोल्हापुरी चपलेचा धडा

या विषयाचे महत्त्व पटवून देणारी एक घटना अगदी अलीकडची आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात ‘प्राडा’ या नामांकित कंपनीच्या पोशाख-प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेशी उघड साम्य असलेली पादत्राणे झळकली. कोल्हापूरचा किंवा भारताचा त्या वेळी उल्लेख झाला नाही. त्यावरून देशभर नाराजी उमटली. महाराष्ट्रातील व्यापार-उद्योगाच्या शिखर संघटनेने कंपनीला पत्र लिहिले आणि ही पादत्राणे भारतीय पारंपरिक हस्तकलेवरून प्रेरित असल्याचे कंपनीने मान्य केले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी कंपनीने करारही केला.

या प्रकरणातील न्याय-अन्यायाची चर्चा पुष्कळ झाली. व्यापाराच्या दृष्टीने मात्र एक वेगळाच प्रश्न विचारावयास हवा. काही दिवस ‘कोल्हापुरी’ हा शब्द जगभरच्या वृत्तपत्रांत होता. ज्याने कधी कोल्हापूरचे नावही ऐकले नव्हते, अशा माणसाच्या मनात कुतूहल निर्माण झाले असेल आणि त्याने तो शब्द शोधयंत्रात लिहिला असेल, तर त्याला कोणाचे दार दिसले असेल? पिढ्यान्‌पिढ्या चपला शिवणाऱ्या कारागिराचे, की त्या नावाखाली कोणताही माल विकणाऱ्या एखाद्या अनोळखी विक्रेत्याचे? संधी अशी अवचित येते आणि चार दिवसांत निघून जाते. तहान लागल्यावर विहीर खणावयास घेणाऱ्याला त्या संधीचा उपयोग नाही. ज्याचे दार आधीपासून उघडे असेल, त्याच्याकडेच पाहुणा येणार.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा समावेश आहे. अशा मानांकनामुळे नावाला कायद्याचे संरक्षण लाभते, ही मोठीच गोष्ट आहे. तथापि मानांकनाची नोंदवही ग्राहकाचा हात धरून त्याला कारागिराच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडीत नाही. ते काम कारागिरालाच करावे लागते आणि त्यासाठी आज उपलब्ध असलेले सर्वांत स्वस्त साधन म्हणजे स्वतःचे संकेतस्थळ.

नाव कोणाच्या हाती?

दुकान थाटताना व्यापारी जागेचा करार तपासून घेतो, वकिलाला दाखवतो, मुद्रांक लावून घेतो. संकेतस्थळ थाटताना मात्र हीच दक्षता तो विसरतो. संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजेच डोमेन नाव, ही व्यापाऱ्याची मालमत्ता आहे आणि ती त्याच्याच नावावर नोंदलेली असली पाहिजे. प्रत्यक्षात काय घडते? संकेतस्थळ बनवून देणारा ओळखीतला तरुण ते नाव स्वतःच्या ईमेलवरून नोंदवतो. दोन-तीन वर्षांनी तो तरुण दुसऱ्या शहरात नोकरीला जातो, नूतनीकरणाची आठवण देणारे पत्र त्याच्याकडे जाते, मुदत टळते आणि नाव सुटते. ते दुसऱ्या कोणी उचलले, तर मूळ मालकाला स्वतःच्याच नावासाठी दारोदार फिरावे लागते. ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

कायदा या बाबतीत व्यापाऱ्याच्या पाठीशी आहे, हेही लक्षात ठेवावे. ‘सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २००४ मध्ये स्पष्ट केले, की डोमेन नाव हा केवळ इंटरनेटवरील पत्ता नसून ते व्यापारचिन्हासारखे व्यवसायाची ओळख दाखवणारे नाव आहे आणि त्याच्या नकलेविरुद्ध दाद मागता येते. दुसऱ्याने कमावलेल्या नावावर आयत्या बिळावरच्या नागोबासारखे जाऊन बसणाऱ्यांना या निर्णयाने चाप बसला. तरीही न्यायालयाची पायरी चढण्यापेक्षा आपले नाव वेळेवर नोंदवणे केव्हाही शहाणपणाचे. ‘डॉट इन’ या भारतीय नावांची नोंदणी २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. ऑगस्ट २०१४ पासून ‘डॉट भारत’ या शेपटासह संपूर्ण पत्ता देवनागरीतही घेता येतो आणि त्यात मराठी व कोकणी या भाषांचा समावेश आहे. साध्या नावाचा वार्षिक खर्च सर्वसाधारणपणे हजार रुपयांच्या आसपास असतो. दुकानाच्या पाटीला रंग देण्यासही यापेक्षा अधिक पैसे पडतात.

‘समाजमाध्यमांवर पान आहे, मग वेगळे संकेतस्थळ कशाला?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. समाजमाध्यमावरचे पान ही जत्रेतील पालाची जागा आहे. जत्रेत गर्दी असते, विक्री होते, तेथे जरूर जावे. परंतु जागा जत्रा भरवणाऱ्याची असते आणि नियमही त्याचेच असतात. ‘जिओसिटीज’वर हौसेने उभारलेली असंख्य पाने २००९ मध्ये बंद झाली. भारतात अत्यंत लोकप्रिय असलेले ‘ऑर्कुट’ सप्टेंबर २०१४ मध्ये संपले. जून २०२० मध्ये ‘टिकटॉक’वर भारतात बंदी आली आणि त्यावर जमवलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत हातचा गेला. गूगलने लहान व्यावसायिकांना व्यवसाय-नोंदीबरोबर फुकट बनवून दिलेली संकेतस्थळेही मार्च २०२४ मध्ये बंद केली. ज्यांनी तोच पत्ता आपल्या व्हिजिटिंग कार्डांवर व पिशव्यांवर छापून घेतला होता, त्यांची छपाई वाया गेली. यात कोणाचा अपराध होता असे नाही. दुसऱ्याच्या जागेत विनामूल्य राहणाऱ्याला जागा सोडण्याची तयारी ठेवावीच लागते. म्हणून समाजमाध्यमे, मोठ्या विक्री-कंपन्यांचे ऑनलाइन बाजार आणि गूगलच्या नकाशावरील नोंद या सर्वांचा लाभ घ्यावा. मात्र तेथून निघणारी प्रत्येक वाट शेवटी आपल्या मालकीच्या दाराशी यावी, अशी व्यवस्था करावी.

ग्राहकाच्या मनातील प्रश्न

दार झाले, आता आत काय ठेवावे? बहुतेक संकेतस्थळांच्या पहिल्याच पानावर ‘गुणवत्ता हेच आमचे ब्रीद’, ‘ग्राहकांचे समाधान हाच आमचा नफा’ अशी वाक्ये हसतमुखाने उभी असतात. त्यांत खोटे काही नसते; पण उपयोगाचेही काही नसते. ग्राहक ब्रीदवाक्ये वाचावयास आलेला नसतो. त्याच्या मनात एखादा नेमका प्रश्न असतो आणि त्या प्रश्नाचे सरळ उत्तर जेथे मिळेल तेथे तो थांबतो.

पुन्हा कोल्हापुरी चपलेचेच उदाहरण घ्यावे. चप्पल विकत घेऊ पाहणाऱ्याचे प्रश्न ठरलेले असतात. कातडे कोणत्या जनावराचे? ते कमावताना बाभळीची साल आणि हिरडा वापरला, की रसायने? शिलाई कातडी वादीची आहे, की आत खिळे मारले आहेत? नवी चप्पल पायाला लागते, तेव्हा काय करावे? पावसात घातली तर चालेल का? भिजलीच तर उन्हात वाळवावी, की सावलीत? पायाचे माप कसे पाठवावे? मागणी दिल्यापासून किती दिवसांत मिळेल आणि माप चुकले तर परत घेणार का? ‘कापशी’ प्रकारची चप्पल हवी असलेल्याला ती सेनापती कापशी या गावाच्या नावाने का ओळखली जाते, हेही जाणून घ्यावेसे वाटते. यांतील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कारागिराच्या जिभेवर असते. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो दिवसातून दहा वेळा तेच सांगत असतो. ही उत्तरे साध्या भाषेत लिहून काढली आणि त्यांना स्वच्छ उजेडात काढलेल्या छायाचित्रांची जोड दिली, की उत्तम संकेतस्थळाचे अर्धे काम झाले. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने आखणी कशी करावी, हे दाखवणारे एकच पान शंभर घोषवाक्यांपेक्षा अधिक विक्री करील.

ब्लॉग अर्थात अनुदिनी लिहावी की नाही, हा प्रश्नही असाच सुटतो. दररोज काहीतरी लिहिलेच पाहिजे, असा दंडक नाही. महिन्याकाठी एक नोंद पुरे. पण ती माहीतगाराची असावी. आंबा बागायतदाराने मोहोर कसा आला, फळ कधी उतरवणार, यंदा पाऊस लांबल्याने काय झाले, पेटी घरी आल्यावर आंबे कसे पिकवावेत, हे लिहावे. पैठणी विणणाऱ्याने हातमागावरची व यंत्रमागावरची पैठणी कशी ओळखावी, हे सांगावे. अशा नोंदी वाचणारा प्रत्येक जण त्याच दिवशी खरेदी करील असे नाही. परंतु ज्या दिवशी त्याला खरेदी करावयाची असेल, त्या दिवशी त्याला तेच नाव आठवेल.

भाषेचा विचारही आवश्यक आहे. मराठी व्यापारी पुष्कळदा संकेतस्थळ केवळ इंग्रजीत करतो आणि तेही अवघडलेल्या इंग्रजीत. ग्राहक ज्या भाषेत विचार करतो, त्या भाषेत तो शोधतो. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत मोजका पण शुद्ध मजकूर असेल, तर बेळगावपासून ग्वाल्हेरपर्यंतच्या ग्राहकाची सोय होते. हा मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला असावा. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला किंवा चित्राच्या स्वरूपात चिकटवलेला मजकूर माणसाला दिसतो. शोधयंत्राला मात्र तो नीट वाचता येईलच असे नाही. कित्येक दुकानदार दरपत्रकाचे छायाचित्र टाकून मोकळे होतात आणि ‘आपले दुकान शोधात का सापडत नाही’ म्हणून खंत करीत बसतात.

पहिल्या क्रमांकाचे आमिष

संकेतस्थळ सुरू झाले, की काही दिवसांतच दूरध्वनी येऊ लागतात. ‘एका महिन्यात पहिल्या पानावर, पहिल्या क्रमांकावर आणून देऊ’, असे आश्वासन मिळते आणि त्यासाठी भरभक्कम रक्कम मागितली जाते. अशा वेळी एक गोष्ट निक्षून लक्षात ठेवावी. शोधात पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगल कंपनीनेच आपल्या मार्गदर्शनात स्पष्टपणे सांगितले आहे. पैसे भरून जाहिरात देता येते आणि ती जाहिरात म्हणूनच दाखवली जाते. जाहिरात सोडून जी यादी येते, तीत पैसे देऊन गूगलकडून जागा विकत घेता येत नाही. जाहिरात जरूर करावी, हंगामापुरती आणि झेपेल तेवढी करावी. मात्र जाहिरात आणि पत यांची गल्लत करू नये.

याहून वाईट प्रकार म्हणजे विकत घेतलेली गर्दी. ठरावीक रकमेत इतके हजार अभ्यागत, इतके शेकडा स्तुतिपर अभिप्राय, असा सौदा काही ठिकाणी चालतो. त्यातून आकडा फुगतो. गल्ला मात्र जेथल्या तेथे राहतो. दहा हजार जणांनी क्षणभर डोकावून पाठ फिरवली आणि दुसऱ्याकडे चाळीस जण आले, त्यांपैकी आठ जणांनी चौकशी केली व तिघांनी माल घेतला, तर कोणाची पेढी चालली म्हणावयाची? पदरचे खोटे अभिप्राय तर उलट अंगावर येतात. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे ग्राहकालाही कळते.

शोधात सापडण्याचे खरे उपाय साधे आहेत आणि त्यांसाठी कष्टांखेरीज फारसे मोल पडत नाही. संकेतस्थळ मोबाइलवर नीट दिसले पाहिजे, कारण भारतातील बहुसंख्य ग्राहक तेथेच पाहतो. ते झटकन उघडले पाहिजे. अवजड चित्रे आणि आपोआप वाजणारे संगीत यांनी ग्राहक पळतो. पत्त्याच्या आरंभी सुरक्षित जोडणीची खूण असली पाहिजे. जुलै २०१८ पासून क्रोम हा ब्राउझर अशी जोडणी नसलेल्या संकेतस्थळांना ‘असुरक्षित’ असा शेरा देऊ लागला. पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि उघडण्याची वेळ सर्व ठिकाणी एकसारखी व अद्ययावत असली पाहिजे. गेल्या दिवाळीची सवलत पुढच्या आषाढातही झळकत असेल, तर मालक दुकानात नाही, असाच अर्थ पाहणारा काढतो.

यात अलीकडे एक नवी भर पडली आहे. शोधयंत्रे आता केवळ दुव्यांची यादी देत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे तयार उत्तरही पुढे ठेवतात. २०२४ पासून भारतातही हे सुरू झाले. अनेक प्रश्नांची उत्तरे तेथल्या तेथे मिळाल्याने संकेतस्थळापर्यंत येणाऱ्यांची संख्या घटेल, अशी भीती व्यक्त होते आणि ती अनाठायी नाही. परंतु यातूनही संख्येमागे धावण्याचा फोलपणाच अधोरेखित होतो. इकडचे तिकडचे उचलून लिहिलेला सर्वसामान्य मजकूर यंत्रही लिहू शकते. स्वतःच्या हाताने माल घडवणाऱ्याचा अनुभव, त्याच्या मालाची छायाचित्रे, त्याचे दर आणि त्याने दिलेली हमी ही मात्र यंत्राला स्वतःहून निर्माण करता येत नाही. त्यासाठी ग्राहकाला मूळ दाराशीच यावे लागते.

जबाबदारीची पाटी

जुन्या बाजारपेठेत फसवणूक झाली, तर गिऱ्हाईक दुकानासमोर येऊन उभे राहू शकत असे. दूरच्या ग्राहकाला ती सोय नसते. म्हणूनच संकेतस्थळावर मालकाचे अथवा पेढीचे कायदेशीर नाव, पूर्ण पत्ता, चालू दूरध्वनी आणि तक्रार कोणाकडे करावयाची, हे ठळकपणे लिहिलेले असले पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ या कायद्यान्वये २०२० मध्ये ई-व्यापाराचे नियम जारी झाले. तक्रार आल्यापासून ४८ तासांत तिची पोच द्यावी आणि महिनाभरात तिचे निवारण करावे, अशी अपेक्षा त्या नियमांत आहे. मोठ्या कंपन्यांवरचे हे ओझे आहे असे न मानता लहान व्यापाऱ्याने ते आपले भूषण मानावे. ‘माल परत घेण्याची मुदत सात दिवस’ असे लिहिले, तर सातव्या दिवशी आलेला मालही कुरकुर न करता परत घ्यावा. त्या एका व्यवहारात तोटा झाला, तरी तो ग्राहक पुढे दहा जणांना सांगतो.

ग्राहकाची माहिती ही देखील ठेवच आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला. मागणी नोंदवताना घेतलेला दूरध्वनी क्रमांक किंवा पत्ता दुसऱ्याला देणे अथवा विकणे म्हणजे ठेवीदाराचा विश्वास मोडणे होय. आवश्यक तेवढीच माहिती मागावी आणि ती कशासाठी मागितली, हे सांगावे. कार्डाचा तपशील तर स्वतःकडे साठवूच नये. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक जपून ठेवता येत नाही.

लहानांना झेपेल काय?

यावर एक रास्त आक्षेप येतो. दिवसभर रापीने कातडे कापणाऱ्या किंवा मागावर बसणाऱ्या माणसाने हे सगळे कधी करावयाचे? त्याच्याकडे ना वेळ, ना संगणकाची सवय. मोठे ऑनलाइन बाजार निदान गिऱ्हाईक तरी आणून देतात. मग थोडे कमिशन गेले तर बिघडले कोठे?

या आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक व्यवसायाला संकेतस्थळ हवेच, असेही नाही. ज्याचे सारे गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावर आहे, अशा पिठाच्या गिरणीला किंवा इस्त्रीच्या दुकानाला नकाशावरची अचूक नोंद पुरेशी होते. ज्याचा माल दूर जातो किंवा जाऊ शकतो, त्याने मात्र कमिशनचा हिशेब नीट मांडावा. ऑनलाइन बाजारात ग्राहकाच्या मनावर बाजाराचे नाव ठसते. माल बनवणाऱ्याचे नाव खोक्यावरच्या बारीक अक्षरांत राहते. दहा वर्षे विक्री करूनही ग्राहकांची यादी त्याच्या हाती येत नाही. ज्या दिवशी बाजार दर पाडील किंवा दुसऱ्याला पुढे करील, त्या दिवशी त्याच्यापाशी स्वतःचे असे काहीच उरत नाही. कमिशन परवडते, नाव गमावणे परवडत नाही.

वेळेचा प्रश्न सहकाराने सुटू शकतो आणि सहकाराची परंपरा महाराष्ट्राला शिकवावी लागत नाही. एका गल्लीतील वीस कारागिरांनी मिळून एक संकेतस्थळ उभारावे, त्यात प्रत्येकाचे एक पान असावे, खर्च वाटून घ्यावा आणि घरातील शिकलेल्या मुलामुलींपैकी एक-दोघांनी ते सांभाळावे. बचत गटांनाही हाच मार्ग मोकळा आहे. आरंभी पाच-सहा पाने पुरतात. मात्र डोमेन नाव गटाच्या नावावर असावे, त्याच्या चाव्या एकापेक्षा अधिक जबाबदार माणसांकडे असाव्यात आणि नूतनीकरणाची तारीख हप्त्याच्या तारखेप्रमाणे वहीत लिहून ठेवावी.

बँकेच्या काउंटरवरून

बँकेचा या विषयाशी काय संबंध, असे कोणास वाटेल. संबंध जवळचा आहे, कारण बँकेचा सारा व्यवसायच पत या एका शब्दावर उभा आहे. खोट्या संकेतस्थळांचा सर्वाधिक ताप बँकांच्या ग्राहकांनाच होतो. त्यावर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ असा राखीव शेपूट असलेला पत्ता ठरवून दिला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तो स्वीकारण्यास सांगितले. हा पत्ता बँकेवाचून इतरांना मिळत नाही. जी दक्षता बँकांना आवश्यक वाटली, ती व्यापाऱ्यालाही तितकीच आवश्यक आहे.

शाखेतील कर्मचाऱ्यांना यात बरेच काही करता येण्यासारखे आहे. लघुउद्योजक चालू खाते उघडावयास येतो, तेव्हा त्याचे डोमेन नाव कोणाच्या नावावर आहे, एवढा एक प्रश्न विचारला, तरी त्याचे डोळे उघडतील. संकेतस्थळावर पेढीचे जे नाव आहे, तेच नाव खात्यालाही असावे, हे त्याला समजावून सांगावे. यूपीआयने पैसे पाठवताना लाभार्थ्याचे नाव ग्राहकाच्या पडद्यावर दिसते; पेढी एका नावाची आणि खाते भलत्याच नावाचे असेल, तर शहाणा ग्राहक तेथेच थबकतो. कर्जाचा अर्ज तपासताना संकेतस्थळ अवश्य पाहावे. पण त्याच्या देखणेपणाला भुलू नये. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. पाने कधी बदलली, तक्रारींना उत्तरे दिली आहेत काय, दिलेल्या दूरध्वनीवर कोणी बोलते काय, हे पाहिले तर ताळेबंदात न दिसणाऱ्या काही गोष्टी कळून येतात.

ग्राहक म्हणून वावरणाऱ्या वाचकांनीही हीच कसोटी लावावी. पत्ता नसलेल्या, केवळ आगाऊ रक्कम मागणाऱ्या संकेतस्थळावर, सवलत कितीही मोठी असली, तरी पैसे पाठवू नयेत. फसवणूक झालीच, तर संकोच न करता तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि आपल्या बँकेकडे कळवावे. अशा प्रसंगी प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, असे म्हणतात. ज्यांच्या हाती खरोखर सोने आहे, ते पुष्कळदा अबोल असतात आणि त्यांच्या मौनाचा लाभ माती विकणारे उठवतात. कोल्हापुरातील चर्मकार, येवल्यातील विणकर, देवगडचा बागायतदार यांनी मोठ्याने ओरडावे, असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी आपल्या नावाने, आपल्या भाषेत, आपल्या मालाविषयी खरे तेवढे सांगावे आणि सांगितले तेवढे पाळावे. नव्या आर्थिक वर्षाच्या वह्या घालताना एक पान या कामासाठी राखून ठेवले आणि त्यावर पहिली नोंद ‘डोमेन नाव, कोणाच्या नावे, मुदत कोठवर’ अशी केली, तर आरंभ झाला असे समजावे.